बारामतीत बनलेली इटालियन रोज कामावर नेताना

सकाळी सव्वासातला बिबवेवाडीतून निघायचं, स्वारगेट, शिवाजीनगर, बोपोडी, दापोडी करत नाशिक फाट्यावरून भोसरी एमआयडीसी गाठायची. एका बाजूनं साधारण २२ किलोमीटर. हा रस्ता मी चौदा वर्षं ११० सीसीच्या स्कूटरवर केला. गेलं दीड वर्ष तोच रस्ता एप्रिलिया आरएस ४५७ या मोटारसायकलवर करते आहे, पावसाळा धरून. गाडी घेताना घरच्या-दारच्या सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: ही रविवारची गाडी आहे, रोजची नाही. मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. ही गाडी रोज चालवता येते. फक्त स्कूटरच्या सवयी स्कूटरबरोबर विकून टाकाव्या लागतात. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ५४ किलो आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

एप्रिलिया ही व्हेनिसजवळच्या नोआले गावची कंपनी. व्हॅलेंटिनो रॉसीनं १९९७ साली १२५ सीसी गटाचं आणि १९९९ साली २५० सीसी गटाचं जगज्जेतेपद जिंकलं ते याच कंपनीच्या गाड्यांवर. आरएस ४५७ मात्र तयार होते बारामतीत, पियाजिओच्या कारखान्यात, जिथून ॲपे रिक्षा बाहेर पडतात. बारामती माझं माहेर. शाळेत असताना एमआयडीसीच्या रस्त्यावर ट्रकवर चढवलेल्या नव्याकोऱ्या ॲपे दिसायच्या. त्याच आवारातून एक दिवस अशी गाडी निघेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या इंडिया बाइक वीकमध्ये तिची किंमत जाहीर झाली, एक्स-शोरूम ४ लाख १० हजार रुपये. आता कर आणि भाव दोन्ही हलले आहेत, तेव्हा ऑन-रोड आकडा लेखी घ्या, आणि त्यात हेल्मेट, ग्लोव्हज आणि बऱ्यापैकी जॅकेटचे पैसे धरूनच हिशेब करा.

४५७ सीसीला लहान गाडी का म्हणतात, असं मला कारखान्यात खूपदा विचारतात. युरोपात ए-टू नावाचा मधल्या पायरीचा परवाना असतो. त्यावर ३५ किलोवॉटपर्यंतचीच गाडी चालवता येते, शिवाय वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. आरएस ४५७ ची ताकद बरोबर ३५ किलोवॉट, म्हणजे आपल्या भाषेत ४७.६ पीएस, आणि पेट्रोलसकट वजन १७५ किलो. भागून बघा, ०.२ च येतं. मी टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, डिझाइन करते. मर्यादेच्या इतक्या काठाला नेऊन बसवलेलं काम दिसलं की मन भरून येतं. गाडी ठरवताना हे डोक्यात ठेवा: तिकडे ही शिकाऊ तरुणांची गाडी असली, तरी आपल्या १२५ सीसीच्या गाडीवरून थेट हिच्यावर येणाऱ्याला ती चांगलीच जोरकस वाटते.

शोरूममध्ये टेस्ट राइड मागाल तेव्हा रिकाम्या रस्त्यावर पळवू नका. गर्दीच्या वेळी मागा. वीस मिनिटं सिग्नल-सिग्नल करत फिरवा, एका तंग गल्लीत यू टर्न घ्या, आणि थोड्याशा उतारावर गाडी उभी करून ढकलत मागे घेऊन बघा. रोजच्या वापरात गाडी सोसेल की नाही ते तिथंच कळतं.

उंची आणि बसणं

सीटची उंची ८०० मिलिमीटर आहे. माझी दोन्ही पावलं एकदम टेकत नाहीत, चवडे टेकतात. पहिल्या आठवड्यात मी दोन्ही पाय खाली ठेवण्याचा हट्ट धरला आणि प्रत्येक सिग्नलला घाबरले. मग एका मैत्रिणीनं सांगितलं ते साधं होतं: थांबताना कुल्ला थोडा डावीकडे सरकव, डावा पाय पूर्ण टेकव, उजवा पाय मागच्या ब्रेकवरच राहू दे. त्या दिवसापासून उंचीचा प्रश्न संपला. कमी उंचीच्या सगळ्यांना मी हेच सांगते. सीट कापून घ्यायची घाई करू नका, महिनाभर हे करून बघा.

मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, मी माझ्या वजनाप्रमाणे सैल करून घेतला. गाडी बसल्यावर किंचित खाली आली आणि कात्रजच्या बाजूचे खड्डे पाठीत बसायचे थांबले. हे काम सी-स्पॅनरनं, म्हणजे सी आकाराच्या पान्यानं, होतं, पण पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या आणि मूळ सेटिंग कुठं होतं ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हँडल दोन तुकड्यांचं, क्लिप-ऑन आहे, पण ते वरच्या यॉकच्या, म्हणजे पुढचे फोर्क धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या, वर बसवलंय, त्यामुळे रेसच्या गाडीइतकं वाकावं लागत नाही. तरी पहिले पंधरा दिवस मनगटं दुखली. दुखण्याचं कारण हँडल नव्हतं, मी अंगाचा भार हातांवर टाकत होते हे होतं. मांड्यांनी टाकी धरा, पोट आत घ्या, कोपरं थोडी वाकलेली ठेवा, बोटं इतकी सैल की पियानो वाजवता यावा. त्यानंतर एक ॲलन की घेऊन क्लचच्या आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन बघा. गाडीवर बसा, हात हँडलवर ठेवा, बोटं सरळ पुढे पसरा. लिव्हर त्या बोटांच्या रेषेत आली पाहिजे. माझी ब्रेक लिव्हर जरा वर होती, दर वेळी मनगट मागे मोडावं लागायचं. ब्रॅकेटचे बोल्ट थोडे सैल केले, लिव्हर पाचेक मिलिमीटर खाली फिरवली, परत कसले. पाच मिनिटांचं काम, पण पिंपरी-चिंचवडच्या सगळ्या सिग्नलांना पुरून उरलं.

पाठीवर सॅक घेऊ नका. सॅकचं वजन खांद्यांवरून मनगटांत उतरतं. मी मागच्या सीटवर टेल बॅग बांधते. डबा तीत आडवा बसत नाही, म्हणून आमटीसाठी स्क्रूच्या झाकणाचा स्टीलचा डबा घेतला आणि तो उभा ठेवते. मागच्या सीटवर माणूस बसवायचा असेल तर कमी अंतरासाठी ठीक. लेक कॉलेजपर्यंत येते, पण दिवे घाट ओलांडून बारामतीला मी तिला नेत नाही. तेवढा वेळ त्या सीटवर काढायला लावणं तिच्यावर अन्याय आहे.

गर्दीत

इंजिन दोन सिलिंडरचं आहे आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन पिना २७० अंशांच्या अंतरानं आहेत. म्हणून आवाज व्ही-ट्विनसारखा येतो आणि खालच्या आरपीएमला ताकद बऱ्यापैकी मिळते. तरीही तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीसच्या स्पीडनं रखडवू नका. स्कूटरवरून आलेल्यांना आणि ॲव्हरेजच्या काळजीनं लवकर गिअर वर टाकणाऱ्यांना ही खोड असते, मलाही होती. चेन झटके मारते, आणि त्या झटक्यांचा त्रास स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाला, आणि आपल्या कमरेला होतो. मी गर्दीत पहिला आणि दुसराच वापरते, काटा साधारण साडेतीन ते पाच हजारांत. क्लच असिस्ट-स्लिपर प्रकारचा आहे, त्यामुळे लिव्हर हलकी आहे, पण म्हणून अर्धा क्लच धरून सिग्नलला उभं राहू नका. न्यूट्रल करा.

सगळ्यात उपयोगी सवय मागच्या ब्रेकची. ही गाडी हँडल फार वळवत नाही, त्यामुळे स्कूटर जिथं एका झटक्यात फिरते तिथं ही दोनदा मागेपुढे करायला लावते. हळू वळताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मागचा ब्रेक अगदी किंचित दाबून ठेवायचा, क्लच अर्धवट, थोडा ॲक्सिलरेटर, आणि नजर जिकडे जायचं तिकडे. खाली चाकाकडे बघितलं की गाडी पडलीच समजा. मी हे रविवारी सकाळी कारखान्याच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकले, दोन पाण्याच्या बाटल्या ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढत. तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात स्वारगेटच्या गर्दीतून अशी निघाले की मागच्या रिक्षावाले काकांनी "लई भारी, ताई" म्हणून हात केला.

एकदा सुरू झाली की ही गाडी गर्दीत किती सोपी जाते ते मात्र अनुभवावंच लागेल. चाकांमधलं अंतर १,३५० मिलिमीटर, पुढचा टायर ११० चा, मागचा १५० चा. नुसती नजर वळवली तरी गाडी वळते. खड्डा दिसल्यावर टाळायला वेळ मिळतो, कारण ३२० मिलिमीटरची पुढची डिस्क दोन बोटांत गाडी बसवते. स्कूटरवर मी खड्ड्यांतून जायची, आता खड्ड्यांच्या मधून जाते.

स्पीड ब्रेकरवर सरळ जा, तिरकं नाही. जवळ येण्याआधी ब्रेक सोडा, म्हणजे पुढचा फोर्क दबलेला राहत नाही आणि त्याला वर उचलायला जागा मिळते. एक्झॉस्ट पोटाखाली आहे, सोसायट्यांमधल्या घरगुती सिमेंटच्या उंचवट्यांवर जरा जपून.

उष्णतेबद्दल खरं सांगते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी सिग्नलला उभं राहिलं की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा पिंढऱ्यांना लागते. दोन सिलिंडरची, वॉटर कूल्ड, फेअरिंगची, म्हणजे बाजूंनी प्लास्टिकच्या आवरणाची गाडी आहे, हे होणारच. जाड डेनिम किंवा रायडिंग पँट आणि घोट्याच्या वर येणारे बूट असले की त्रास पुष्कळ कमी होतो. लेगिंग घालून बसू नका. लांब सिग्नलला इंजिन बंद करा. मी एप्रिलपासून जूनपर्यंत घरून पाऊण तास लवकर निघते, एवढाच बदल केला.

पडली तर

पडणार. माझी पडली गेल्या जुलैत, आमच्याच सोसायटीच्या बेसमेंटच्या उतारावर. फरशी ओली, मी गाडीवर बसूनच मागे ढकलत होते, डावा पाय घसरला आणि १७५ किलो डावीकडे गेले. गाडी चालू नव्हती, मला लागलं नाही. क्लच लिव्हरचं टोक मोडलं, फेअरिंगवर बोटभर ओरखडा आला. तो ओरखडा मी अजून ठेवला आहे.

उचलायची रीत शिकून ठेवा, कारण ऐन वेळी कुणी नसतं. आधी इंजिन बंद करा. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड काढून ठेवा. मग गाडीकडे पाठ करा, कुल्ले सीटच्या कडेला टेकवा, एका हातानं जवळचं हँडल आणि दुसऱ्या हातानं मागची पकड, आणि पायांनी मागे-मागे छोटी पावलं टाकत ढकला. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. वॉचमन काका धावत आले तोवर माझी उभी झाली होती.

त्यानंतर उतारावर बसून मागे घेणं मी पूर्ण बंद केलं. उतरून, डाव्या बाजूला उभं राहून, कुल्ला टाकीला लावून घेते. त्याहून चांगलं म्हणजे गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या दिशेला ठेवायचं. आणि सुट्या क्लच आणि ब्रेक लिव्हरचा एक संच घरात ठेवा, बोल्ट आणि नटसकट.

चेन, टायर, पाऊस

मला या गाडीत सगळ्यात आवडतं काम चेनचं आहे. दर ५०० किलोमीटरला, म्हणजे माझ्या हिशेबानं दोन आठवड्यांतून एकदा, शनिवारी संध्याकाळी. सेंटर स्टँड नाही, म्हणून मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड घ्यावाच लागतो. एकट्यानं चढवताना डावा हात गाडीच्या शेपटाशी, उजवा स्टँडवर, आणि पहिले काही दिवस कुणाला तरी दुसऱ्या बाजूला उभं करा. मागचं चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून चाक फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. आमच्या धंद्यात फिरत्या स्प्रॉकेटनं गेलेली बोटं पाहिली आहेत, म्हणून हात जोडून सांगते, तसं करू नका.

मऊ ब्रश, चेन क्लीनर किंवा रॉकेल. पेट्रोल नको, आतल्या ओ-रिंगचं रबर त्यानं खराब होतं. काळं वंगण निघालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसायचं. साडी एवढ्यासाठी की तिचे धागे सुटत नाहीत. मग चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे स्प्रॉकेटला लागणाऱ्या बाजूला, एक-एक कडी बघत ल्युब. चाक फिरलं की ते आपोआप बाहेर येतं. दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, नाहीतर मागच्या रिमवर शिंतोडे उडतात. हे काम फिरून आल्यावर, चेन कोमट असताना करा आणि गाडी रात्रभर उभी राहू द्या. चेनचा ताण मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. जास्त ताणलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट, बेअरिंग खाते.

टायरची हवा आठवड्याला, गार टायरमध्ये. पंपावरच्या मीटरवर माझा भरवसा नाही, स्वतःचा गेज ठेवते. हवा दोन-तीन पीएसआयनं उतरली तरी या गाडीत हँडलला लगेच कळतं, वळताना आळस येतो.

पहिल्या पावसाचे पहिले दोन दिवस गाडी शक्यतो काढू नका. रस्त्यावर वर्षभराचं तेल वर येतं. नंतर रेन मोड लावा, ट्रॅक्शन कंट्रोल (ॲक्सिलरेटर दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारं) आणि एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारं) बंद करायचा विचारही नको. पांढरे पट्टे, गटाराची झाकणं आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी पट्ट्या सरळ, न झुकता, न ब्रेक लावता ओलांडायच्या. तुंबलेल्या पाण्यात जाऊ नका. एक्झॉस्ट किती खाली आहे ते वर सांगितलंच आहे. भिजून आल्यावर चेनला ल्युब त्याच दिवशी. धुताना प्रेशर पंपाचा झोत चेन, चाकांची बेअरिंगं आणि डिस्प्लेवर मारू देऊ नका. मी तर बादली आणि स्पंजच घेते.

नवी गाडी असेल तर पहिले १,००० किलोमीटर एका स्पीडला धरून हायवेनं काढण्यापेक्षा शहरात काढा. वर-खाली, वर-खाली होत इंजिन चांगलं बसतं. पहिली सर्व्हिस लांबवू नका. टाकी १३ लिटरची. मला शहरात लिटरला २३-२४ मिळतात, बारामतीच्या रस्त्याला २८ पर्यंत. रोज चालवण्याचा आणखी एक फायदा आहे, बॅटरी कधी उतरत नाही. महिना-महिना कव्हरखाली उभ्या असलेल्या गाड्यांचीच रडगाणी मी ऐकते.

माहेरी जाताना

महिन्यातून एकदा हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामती. साधारण १०० किलोमीटर. याच रस्त्यावर गाडी खरी खुलते. दिवे घाटात तिसरा गिअर ठेवते, वळणाआधी ब्रेक संपवते, वळणात हलका ॲक्सिलरेटर. साडेसहा हजारांच्या पुढे इंजिनचा आवाज बदलतो आणि छातीत काहीतरी हलतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू झाला की मात्र अंधारात हा रस्ता करू नका. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, कितीतरींना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी टायरखाली गोल फिरते, आणि शेतातून आलेला चिखल वाळला तरी वळणावर वाळूसारखा निसटतो. मी बारामतीला दिवस मावळायच्या आत पोचेन असंच निघते. मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन घेऊन, चहा पिऊन, उरलेले ३५-४० किलोमीटर सावकाश.

आणि माहेरच्या अंगणात काळी माती आहे. साइड स्टँडचं टोक बारीक असतं, मातीत हळूहळू रुततं आणि गाडी रात्रीत आडवी होते. पहिल्या वेळी आईनं धुण्याच्या दगडाची एक चपटी शिळा आणून स्टँडखाली सरकवली. आता टेल बॅगच्या खिशात चार इंची ॲल्युमिनियमची एक चकती असते, आमच्याच स्क्रॅपमधून कापलेली. तिला भोक पाडून दोरी ओवली आहे. दोरीचं दुसरं टोक हँडलला अडकवायचं, म्हणजे निघताना चकती मागे राहत नाही.